युद्धापायी शाळा सुटलेल्यांचा हायस्कूल डिप्लोमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता अमेरिकन सासरे, व्याही, मुलांचे पणजोबा ही नाती रुळली आहेत. यातल्या काही म्हाताऱ्यांनी सतराव्या-अठराव्या वर्षी शाळा अर्धवट टाकून गणवेश चढवला आणि पुढे शाळा पुरी करायची राहूनच गेली. त्यांना आज, ऐंशी-नव्वदीत, त्यांच्या शाळेचा डिप्लोमा मिळू शकतो. त्याबद्दल मराठी मंडळी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. डिप्लोमाच्या नियमांचा तपशील राज्यागणिक वेगळा असतो, एवढं वाचताना ध्यानात असू द्या.

हा नेमका काय प्रकार आहे?

अमेरिकेत बारावीपर्यंतची शाळा पुरी झाली की हायस्कूल डिप्लोमा मिळतो. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाशी त्याचा काही संबंध नाही. दुसरं महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम या काळात सैन्यात गेल्यामुळे ज्यांची शाळा सुटली, त्यांना परीक्षा न घेता, तासांना न बसवता हा डिप्लोमा द्यायची तरतूद बऱ्याच राज्यांनी कायद्यात केली आहे. अनेक ठिकाणी या उपक्रमाला ‘ऑपरेशन रेकग्निशन’ म्हणतात. १९९९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या गार्डनर या छोट्या शहरातून त्याची सुरुवात झाली आणि मग एकेका राज्याने आपापला कायदा केला.

देशपातळीवर असा एकच कायदा नाही, कारण तिथे शाळा हा राज्याचा आणि त्याहूनही जास्त स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, विषय आहे. त्यामुळे ‘वॉशिंग्टनला अर्ज पाठवला’ असं कोणी म्हणालं तर ते वॉशिंग्टन राज्य असेल तरच ठीक.

मुलं शाळा सोडून जात का होती? सक्तीची भरती होती ना?

सक्ती होती, पण शाळकरी मुलांवर ती थेट नव्हती. १६ सप्टेंबर १९४० ला भरतीचा कायदा झाला तेव्हा तो २१ ते ३५ वयाच्या पुरुषांना लागू होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये वयाची अट १८ वर आली. त्यातही शाळेच्या वर्षाच्या उत्तरार्धात बोलावणं आलेल्या हायस्कूलच्या मुलाला ते वर्ष संपेपर्यंत सवलत मागता येत होती. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर फारशा मुलांची शाळा सुटायला नको होती.

प्रत्यक्षात मुलं आपणहून गेली. सतरा वर्षांच्या मुलाला आई-वडिलांच्या सहीने नौदलात जाता येत होतं आणि सही देणारे बापही पुष्कळ निघाले. मोठा भाऊ गेलाय, वर्गातले चौघे गेलेत, गावात राहिलेल्या पोराकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात, असा तो काळ. शिवाय मंदीची दहा वर्षं नुकतीच सरली होती. पगार मिळेल, घरी पैसे पाठवता येतील, हा हिशेब देशभक्तीच्या जोडीला होताच.

काहींनी वय सरळ खोटं सांगितलं. टेक्ससचा कॅल्व्हिन ग्रॅहम ऑगस्ट १९४२ मध्ये नौदलात गेला तेव्हा बारा वर्षांचा होता. ‘साउथ डकोटा’ या युद्धनौकेवर तो ग्वादलकनालच्या लढाईत जखमी झाला. जॅक लुकास चौदाव्या वर्षी मरीन्समध्ये घुसला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये, सतरा वर्षं पुरी होऊन सहा दिवस झाले असताना, इवो जिमा या जपानी बेटावर सोबत्यांना वाचवायला हातबाँबवर पालथा पडला. तो जगला, त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. ते गळ्यात घालून परत आला आणि शाळेत जाऊन बसला! पुढे कॉलेजची पदवीही घेतली. पण असे थोडे.

मग बाकीच्यांनी परत येऊन शाळा का पुरी केली नाही? सरकारने तर शिक्षणासाठी पैसे दिले होते.

दिले होते, आणि हातचं न राखता दिले. २२ जून १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सही केलेल्या ‘जीआय बिल’ या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याखाली १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. १९४७ मध्ये कॉलेजात दाखल झालेल्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठी १९४२ मध्येच जीईडी ही हायस्कूलच्या तोडीची परीक्षा तयार झाली. आज कोणीही प्रौढ माणूस देतो ती हीच परीक्षा, पण मुळात ती सैनिकांसाठी काढलेली.

तरीही वीस-बावीस वर्षांचा, नॉर्मंडी पाहून आलेला माणूस सोळा वर्षांच्या पोरांच्या बाकावर बसायला सहसा तयार होत नाही. लग्न झालं, कारखान्यात चांगली नोकरी लागली, पोरं झाली. त्या काळी हायस्कूल न झालेल्या माणसालाही घर घेता येईल असा पगार मिळायचा, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. काहींनी जीईडी देऊन थेट कॉलेज केलं. म्हणजे इंजिनिअरिंगची पदवी भिंतीवर आहे, पण शाळेचा डिप्लोमा नाही, अशीही माणसं या अर्जदारांत असतात.

नेमका कोणाला मिळतो?

जवळपास सगळीकडे दिसणाऱ्या दोन अटी: सन्मानपूर्वक सेवामुक्ती, म्हणजे ऑनरेबल डिस्चार्ज, आणि सैन्यात जाण्यासाठी शाळा सुटलेली असणं. पुढचा तपशील राज्यागणिक बदलतो.

टेक्ससचा कायदा बराच मोकळा आहे. ज्याची शाळा १९४० नंतर आणि १९७५ पूर्वी, किंवा १९८९ नंतर पुरी व्हायची होती, जो किमान सहावी झाला होता आणि युद्धात जाण्यासाठी ज्याने शाळा सोडली, तो पात्र. म्हणजे आखाती युद्ध, इराक, अफगाणिस्तान इथले तरुण माजी सैनिकही त्यात बसतात. वॉशिंग्टन राज्यात दुसरं महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम हे तीन काळ धरले आहेत. न्यूयॉर्क, इलिनॉय, कॅलिफोर्निया इथेही साधारण हेच तीन. फ्लोरिडात हा अधिकार राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे आहे. इतर बऱ्याच ठिकाणी तो स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टकडे असतो.

कायद्याची भाषा मात्र नीट वाचा. बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट डिप्लोमा ‘देऊ शकतं’ असं लिहिलंय, ‘द्यायलाच हवा’ असं नाही. नाही म्हणणारं डिस्ट्रिक्ट क्वचितच भेटेल. खरी अडचण असते ती असं काही असतं हेच माहीत नसलेल्या कारकुनाची. अशा वेळी वाद घालत बसू नका, कायद्याच्या कलमाची छापील प्रत सोबत न्या. काम पुढे सरकतं.

‘युद्धासाठीच शाळा सोडली’ हे सिद्ध कसं करायचं? सासरे म्हणतात, शाळा आधीच सुटली होती.

हा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे आणि माझ्या मते कायद्यातली सगळ्यात कच्ची जागाही हीच.

महायुद्धाच्या पिढीत शाळा सुटणं आणि भरती होणं यात बहुधा काही महिन्यांचंच अंतर असतं, त्यामुळे कोणी खोलात जात नाही. व्हिएतनामच्या वेळी चित्र वेगळं होतं. कॉलेजात नाव असलेल्याला भरतीतून सवलत मिळे. गरिबाघरचा, शाळेतून बाहेर पडलेला पोरगा आधी उचलला जाई. त्यात १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी ‘प्रोजेक्ट १,००,०००’ सुरू केला. बुद्धिचाचणीत आधी नापास ठरवली जाणारी मुलं या योजनेत भरती होऊ लागली आणि काही वर्षांत साडेतीन लाखांच्या आसपास माणसं अशी घेतली गेली. त्यांच्यात शाळा पुरी न केलेले पुष्कळ होते. त्यांनी युद्धासाठी शाळा सोडली नव्हती. शाळा सुटलेली होती म्हणूनच ते युद्धात सापडले. कायद्याच्या चौकटीत हा माणूस धड बसत नाही, आणि शाळेच्या कागदाची गरज आयुष्यभर सर्वांत जास्त यालाच पडली.

करायचं काय? जे आहे ते खरं लिहायचं. शाळा कोणत्या महिन्यात सुटली, भरती कधी झाली, मधल्या काळात काय केलं. अंतर एखाद-दुसऱ्या वर्षाचं असेल तर बरीच डिस्ट्रिक्ट्स ते चालवून घेतात. खोटी तारीख मात्र टाकू नका. सेवेच्या कागदावर शिक्षणाची नोंद असते, तिथे ते उघडं पडतं.

सेवेच्या कागदावर शाळेची नोंद असते?

असते. महायुद्धातल्या भूदलाच्या सैनिकाचा सेवामुक्तीचा कागद एकदा हातात घेऊन बघा. डब्ल्यूडी एजीओ ५३-५५ असा त्याचा फॉर्म क्रमांक. टाइपरायटरने भरलेल्या बारीक चौकटी: उंची, वजन, डोळ्यांचा रंग, मुलकी धंदा, कोणत्या लढायांत होता, कोणती पदकं, निघताना किती डॉलर हातात दिले. खाली उजव्या अंगठ्याचा काळा ठसा. आणि मध्येच एक छोटी चौकट, शिक्षणाची वर्षं: प्राथमिक, हायस्कूल, कॉलेज. प्राथमिकखाली ८ आणि हायस्कूलखाली २ असं टाइप केलेलं असेल तर हायस्कूलच्या चार वर्षांतली दोन झाली होती. तुमच्या अर्जाचा अर्धा पुरावा त्या एका आकड्यात आहे.

१९५० पासून सर्व दलांसाठी डीडी २१४ हा फॉर्म आला. आजही माजी सैनिकाच्या घरात सर्वांत जपून ठेवायचा कागद म्हणजे हाच. पेन्शन, दवाखाना, दफनभूमीतली जागा, सगळ्याला तो लागतो.

तो कागदच सापडत नाहीये. आता?

आधी घर शोधा. बँकेचा लॉकर, बायबलची पानं, गॅरेजमधली शिकारीच्या सामानाची पेटी. मग काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टात जा. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना आपला सेवामुक्तीचा कागद काउंटी क्लार्ककडे नोंदवून ठेवायला सांगितलं जाई, आणि बऱ्याच जणांनी तो नोंदवला. ही प्रत दाखल्यासाठी चालते, शिवाय ती लवकर मिळते. हे ठाऊक नसल्याने लोक थेट सरकारी दप्तराकडे धाव घेतात आणि महिने घालवतात.

सरकारी दप्तर म्हणजे सेंट लुईसचं नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर. तिथे स्टँडर्ड फॉर्म १८० भरून किंवा ऑनलाइन मागणी करता येते. पण १२ जुलै १९७३ ला या केंद्राच्या तेव्हाच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात होत्या. हवाईदलाच्या २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ मधल्या सुमारे ७५ टक्के, तेही आडनावाच्या अक्षरक्रमात ‘हबर्ड, जेम्स ई.’ याच्या पुढच्या. दुसरी प्रत कुठे नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, सूचीही नव्हती. म्हणजे हवाईदलात अँडरसन असाल तर वाचलात, विल्सन असाल तर बहुधा गेलात. नौदल आणि मरीन्सच्या फायलींना या आगीची झळ लागली नाही.

आगीतून वाचलेल्या पण पाण्याने चिंब झालेल्या फायली निर्वात कक्षात वाळवल्या गेल्या. कडा जळालेले ते कागद आजही तिथे जपून हाताळले जातात. फाइल गेलेली असेल तर केंद्र पगाराची शेवटची पावती, पलटणीचे रोजचे हजेरी अहवाल अशा दुसऱ्या दप्तरांतून सेवा जुळवून पाहतं आणि जुळली तर सेवेचं प्रमाणपत्र देतं. डीडी २१४ च्या जागी ते ग्राह्य धरतात. वेळ लागतो, म्हणून मे महिन्याच्या समारंभासाठी मार्चमध्ये जागे होऊ नका. आदल्या उन्हाळ्यातच मागणी टाका.

मी सून आहे. मी त्यांच्या वतीने कागद मागवू शकते का?

ते हयात असतील तर मागणीवर त्यांची सही हवी, भरण्याचं काम तुम्ही करा. ते गेले असतील तर ‘जवळचे नातेवाईक’ या व्याख्येत पुनर्विवाह न केलेली पत्नी किंवा पती, आई-वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण एवढेच येतात. सून, जावई, नातवंडं त्यात नाहीत, मग शेवटची दहा वर्षं सगळं सुनेनेच केलेलं असलं तरी! नवऱ्याला सही करायला लावा. सेवामुक्त होऊन ६२ वर्षं उलटली असतील तर ही अडचण राहत नाही. त्या फायली आता ऐतिहासिक दप्तर झाल्या आहेत, कोणालाही मागता येतात, फक्त प्रतींचं शुल्क लागतं.

डिप्लोमाच्या अर्जाचं बंधन याहून सैल असतं. बहुतेक ठिकाणी घरातलं कोणीही अर्ज भरून देऊ शकतं.

सेवामुक्ती ‘ऑनरेबल’ नसेल तर?

तर बहुतेक राज्यांत डिप्लोमा अडतो. पण तो शेरा कसा पडला हे आधी पाहा. महायुद्धात ‘ब्लू डिस्चार्ज’ नावाचा एक प्रकार होता. निळ्या कागदावर छापलेला, सन्मानाचाही नव्हे आणि अपमानाचाही नव्हे. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात भूदलाने असे ४८ हजारांहून जास्त कागद दिले. त्यातले २२ टक्के कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला आले, आणि सैन्यात त्यांचं प्रमाण साडेसहा टक्के होतं. समलिंगी असल्याच्या संशयावरूनही तो सर्रास दिला जाई. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने त्याविरुद्ध मोहीम चालवली होती. निळा कागद घेऊन आलेल्याला जीआय बिलाचे फायदेही नाकारले गेले. म्हणजे ज्याची शाळाही गेली आणि नंतरची संधीही गेली, असा हा माणूस.

शेरा बदलून मागता येतो. सेवामुक्तीला पंधरा वर्षं झाली नसतील तर डीडी २९३ हा फॉर्म, त्यानंतर डीडी १४९. या वयातल्या लोकांसाठी डीडी १४९ हाच लागू. हे काम किचकट आहे. काउंटीच्या माजी सैनिक सेवा अधिकाऱ्याची मदत घ्या, ती मोफत असते.

बायकांना मिळतो का?

गणवेशातल्या बायकांना अर्थातच मिळतो. पण महायुद्धात भूदलाच्या महिला दलात जायला वय किमान २१ (पुढे २०) लागे, नौदलाच्या महिला दलातही २०. त्या वयापर्यंत शाळा संपलेली असायची. म्हणून ‘शाळा सोडून सैन्यात गेलेली मुलगी’ त्या काळात सापडणं अवघड. मुली शाळा सोडून गेल्या त्या कारखान्यांत, सिॲटलला बोइंगची बाँबर विमानं जोडायला, नाहीतर गोदीत वेल्डिंग करायला. भाऊ लढाईवर गेला म्हणून घर चालवायला गेलेल्याही होत्याच.

काही राज्यांना हे सुचलं. वॉशिंग्टन राज्याने युद्धकाळात अशी मुलकी किंवा स्वयंसेवी कामं करणाऱ्यांनाही डिप्लोमा द्यायची सोय केली. ‘रोझी द रिव्हेटर’ हे त्या काळच्या कामगार बायकांचं टोपणनाव तिथे या उपक्रमाला चिकटलं. ओहायोच्या कायद्यातही युद्धकाळात घर चालवायला किंवा युद्धाच्या कामासाठी शाळा सोडलेल्या बाईचा वेगळा उल्लेख आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी तो नाही. तुमच्या आजेसासूबाई अशा असतील तर विचारून पाहा, आणि नकार आला तर स्थानिक आमदाराला पत्र लिहा. सैनिकांसाठीचे कायदे तरी कसे झाले? कोणीतरी पत्रं लिहिली म्हणूनच.

जपानी वंशाच्या अमेरिकनांबद्दलही असंच काही ऐकलं होतं.

बरोबर ऐकलंय. १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेऊन ठेवलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. वर्ष अर्धं झालेलं असताना मुलं शाळेतून उचलली गेली. छावण्यांत शाळा भरल्या, काहींचं शिक्षण तिथे पुरंही झालं, पण स्वतःच्या शाळेचा कागद हाती आला नाही. कॅलिफोर्नियाने २००३ च्या कायद्याने अशांनाही त्यांच्या मूळ डिस्ट्रिक्टकडून डिप्लोमा देता येईल अशी तरतूद केली. माजी सैनिकांचं आणि यांचं कलम एकच आहे. एकाच सरकारने एका मुलाला लढायला नेलं आणि दुसऱ्याला कुंपणात ठेवलं. काही तर छावणीतूनच भरती होऊन जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या पलटणीत लढले. दोघं आज एकाच कलमाखाली अर्ज करतात, हे मला तरी योग्य वाटतं.

शाळाच बंद पडली असेल तर?

गावोगावच्या छोट्या शाळा पुढे एकत्र झाल्या. त्या भागाचं आजचं डिस्ट्रिक्ट कोणतं, ते पाहा आणि तिथे अर्ज करा. काही राज्यांत सध्या राहता त्या डिस्ट्रिक्टकडूनही मिळतो. डिप्लोमावर जुन्या शाळेचं नाव घालून द्या म्हणून विनंती करा. नव्या डिस्ट्रिक्टचं नाव म्हाताऱ्या माणसाच्या ओळखीचं नसतं.

मरणोत्तर मिळतो का?

बऱ्याच राज्यांत मिळतो. कुटुंबाने अर्ज करायचा, सोबत मृत्यूचा दाखला.

हा खरा डिप्लोमा की नुसता मान?

राज्याच्या कायद्यावर आहे. टेक्सस, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया इथल्या कायद्यांत ‘हायस्कूल डिप्लोमा’ एवढेच शब्द आहेत, ‘मानद’ हा शब्द नाही. फ्लोरिडात तर तो ‘स्टँडर्ड’ डिप्लोमा म्हणूनच दिला जातो. काही ठिकाणी मात्र स्पष्टपणे मानद असतो. नव्वदीच्या माणसाला याने फरक पडत नाही. व्हिएतनामच्या पिढीतल्या, अजून छोटी-मोठी नोकरी करणाऱ्या किंवा कम्युनिटी कॉलेजात एखादा कोर्स करू बघणाऱ्या माणसाला पडू शकतो. त्याने डिस्ट्रिक्टला आधीच लेखी विचारावं. गुणपत्रक मात्र याच्यासोबत मिळत नाही, कारण न केलेल्या विषयांचे गुण कोण देणार?

जीईडी आधीच झाली आहे. तरी अर्ज करावा?

करावा. अनेक राज्यांत जीईडी आड येत नाही. अर्जात तसं नमूद करा.

त्यांना न सांगता अर्ज करून वाढदिवसाला चकित करावं म्हणतो.

करू नका, असंच सांगेन. शाळा पुरी झालेली नाही ही गोष्ट या पिढीतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यभर झाकून ठेवली आहे. नोकरीच्या अर्जावर ‘बारा’ लिहिलं, मुलांना अभ्यासावरून रागावताना आपली शाळा पुरी झाल्यासारखंच दाखवलं. तीनशे माणसांसमोर नाव पुकारलं की ते गुपित बाहेर पडतं. काहींना त्याने मोकळं वाटतं, काहींना लाजिरवाणं. आधी एकट्याने, शांतपणे विचारा. ‘मला काय करायचाय आता तो कागद’ असं म्हणाले तर आठवड्याभराने पुन्हा एकदा विचारा. पहिला नकार बहुधा संकोचाचा असतो. दुसऱ्यांदाही नाही म्हणाले तर विषय सोडा.

समारंभ कसा असतो?

दोन तऱ्हा. एक तर मे-जूनमधल्या शाळेच्या नेहमीच्या पदवीदानात, सध्याच्या मुलांच्या आधी यांना बोलावतात. किंवा ११ नोव्हेंबरच्या व्हेटरन्स डेच्या आसपास काउंटी स्वतंत्र कार्यक्रम करते. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडसारख्या काउंट्यांत तो शिक्षण कार्यालयातर्फे होतो. झगा आणि चौकोनी टोपी बहुतेक ठिकाणी देतात. टोपीचा गोंडा आधी उजवीकडे असतो, डिप्लोमा हातात आला की डावीकडे घ्यायचा. म्हाताऱ्यांना हे कोणी सांगत नाही, मग मागच्या रांगेतली सतरा वर्षांची पोरगी पुढे होऊन तो फिरवून देते.

व्यावहारिक गोष्टी: व्यासपीठाला उतार आहे का ते आधी विचारा. फुटबॉलच्या मैदानावर कार्यक्रम असेल तर जूनच्या उन्हात दोन तास बसवू नका, त्यांना आत गाडीतच थांबवून वेळेवर न्या. यायला जमणार नसेल तर डिस्ट्रिक्टचे लोक घरी किंवा वृद्धाश्रमात येऊन डिप्लोमा देतात. सांगितलं तर आनंदाने येतात.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, असं काही आहे का?

नेमकं असं नाही, आणि त्याला कारण आहे. महायुद्धात साताऱ्या-कोल्हापुराकडून, कोकणातून मराठा लाइट इन्फंट्रीत जी मुलं गेली, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गावात हायस्कूलच नव्हतं. मराठी चौथी किंवा फार तर सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, तिथे शिक्षण संपायचं. इटलीत १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून कामी आलेले यशवंत घाडगे याच पलटणीचे. या पिढीला परत द्यायला अर्धवट राहिलेली शाळाच नव्हती.

आपली व्यवस्था सोय पाहते, समारंभ नाही. सैन्यातच ‘इंडियन आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन’ घेतलं तर ते दहावीच्या बरोबरीचं धरतात. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या ‘क’ गटातल्या, पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांसाठी पात्र मानतात. अग्निवीरांपैकी दहावी झालेल्यांना मुक्त शाळेमार्फत बारावीचं प्रमाणपत्र मिळेल अशी योजना २०२२ मध्ये जाहीर झाली. बाकी कोणाला आपणहून दहावी करायची असेल तर सतरा नंबरचा फॉर्म आहे, पुढे नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, आणि वाट दाखवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. परीक्षा मात्र द्यावी लागते.

नव्वदीच्या फौजीला गावच्या शाळेने झेंडावंदनाला बोलावून एक मानाचा कागद द्यावा, याला कायदा कशाला हवा? मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर २६ जानेवारीला होईल.

शुल्क किती? घाई आहे का?

डिप्लोमासाठी शुल्क नाही. ‘माजी सैनिकांचा डिप्लोमा’ म्हणून इंटरनेटवर पैसे मागणारा कोणीही भेटला तर तो कागद विकणारा दुकानदार समजा आणि बाजूला व्हा.

घाईबद्दल: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे १ कोटी ६० लाख लोक सैन्यात होते. २०२४ मध्ये त्यांतले ६६ हजारांच्या आसपास उरले होते. कोरियाची पिढी नव्वदीत आहे. सेंट लुईसहून उत्तर यायला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नाही, म्हणून कागद आधी मागवा, समारंभाची तारीख नंतर ठरवा. आणि माणूस आजारी असेल तर डिस्ट्रिक्टला तसं स्पष्ट कळवा. बोर्डाच्या पुढच्या बैठकीपर्यंत न थांबता अधीक्षक स्वतः डिप्लोमा घेऊन दवाखान्यात येऊ शकतात.